रोजचा हिशेब आणि पाच वर्षांचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी आजच्या विषयाकडे वळतो. विषय आहे, आपण विधिमंडळात पाठवलेल्या प्रतिनिधींकडून हिशेब कसा घ्यावा. अर्थसंकल्प, अनुदान, नियम, अध्यादेश हे शब्द ऐकले की सभेतील निम्मे लोक घड्याळाकडे पाहू लागतात. परंतु येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांना हा विषय रुक्ष वाटणार नाही. 2016-17 पासून राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्या मुलाला भोजन, निवास व निर्वाह यांसाठी वर्षाला 60 हजार रुपये मिळावेत, असे ती योजना सांगते. हे पैसे वेळेवर हाती पडत नाहीत ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. खोलीचे भाडे मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागते. घरमालक शासनाच्या हप्त्यासाठी थांबत नाही. तेव्हा हा पैसा कोण मंजूर करतो, कोण अडवतो आणि त्याबद्दल जाब कोणी विचारायचा, हा प्रश्न आपल्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे.

मित्रहो, आमदाराचे काम काय, असा प्रश्न कोणत्याही वस्तीत विचारा. गटार बांधणे, समाजमंदिराला पत्रे देणे, दाखल्यासाठी शिफारसपत्र देणे, लग्नाला व मयताला येणे, अशी उत्तरे मिळतील. ही कामे वाईट नाहीत. परंतु राज्यघटनेने आमदाराला निवडून पाठवण्याची जी योजना केली आहे, ती या कामांसाठी नव्हे. त्याची मुख्य कामे तीन आहेत. राज्याच्या तिजोरीतून पैसा काढण्यास मंजुरी देणे किंवा नाकारणे, कायदे करणे, आणि मंत्रिमंडळाला जाब विचारणे. मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, असे घटनेचे 164 वे कलम सांगते. आपण आमदाराकडे गटार मागतो आणि या तीन कामांबद्दल एक अक्षरही विचारत नाही. मग तोही आपल्याला गटार दाखवून मोकळा होतो.

बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना या प्रश्नाचा मूलभूत विचार सांगितला होता. अमेरिकेतील अध्यक्षीय पद्धतीत सरकारला स्थैर्य अधिक असते, तर संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक असते, आणि आपण जबाबदारीला अधिक महत्त्व दिले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ही जबाबदारी दोन प्रकारे तपासली जाते, हेही त्यांनी स्पष्ट केले. एक तपासणी रोजची. ती सभागृहातील सदस्य प्रश्न, ठराव, चर्चा व अविश्वासाचा प्रस्ताव यांद्वारे करतात. दुसरी ठरावीक काळाने होणारी. ती मतदार निवडणुकीत करतात. रोजचा हिशेब आणि पाच वर्षांचा हिशेब, असे आपण त्याला म्हणू. आपला समाज पाच वर्षांच्या हिशेबाला उन्हातान्हात रांग लावून हजर असतो. रोजच्या हिशेबाला मात्र आपण गैरहजर असतो, आणि जो रोजची वही पाहत नाही त्याला वर्षअखेरची बेरीजही दुसराच कोणी सांगतो.

विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाबासाहेब कायदेपंडित होते हे सर्वांना माहीत आहे. पण त्याआधी ते अर्थशास्त्रज्ञ होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारचा पैसा कोठून येतो आणि कोणाच्या मंजुरीने खर्च होतो, हाच त्याचा विषय. पुढे मुंबई विधिमंडळात नियुक्त सभासद म्हणून 1927 मध्ये अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी कराचा बोजा कोणावर पडतो हे तपासले. लहान शेतकऱ्याला पीक येवो न येवो सारा भरावा लागतो, आणि प्राप्तिकराच्या बाबतीत मात्र उत्पन्न पाहिले जाते, ही विषमता त्यांनी सभागृहापुढे ठेवली. 1937 मध्ये निवडून आल्यावर त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. सभागृहात विधेयक आणि सभागृहाबाहेर जनता, अशी ही दोन चाकांची गाडी होती. आज आपण मोर्चा काढतो, पण सभागृहात त्या दिवशी कोणती मागणी मतास टाकली आहे याचा पत्ता आपल्याला नसतो. एका चाकाची गाडी किती अंतर जाणार?

आता पैशाचा मार्ग पाहू. राज्याच्या एकत्रित निधीतून विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय एक रुपयाही काढता येत नाही. मार्चच्या सुमारास अर्थसंकल्प मांडला जातो. मग खातेवार मागण्यांवर चर्चा होते, सदस्य कपात सूचना देऊ शकतात आणि शेवटी विनियोजन विधेयक संमत होते. व्यवहारात काही थोड्या खात्यांवर चर्चा होते आणि वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात. सामाजिक न्याय खात्याची मागणी चर्चेला आली की न बोलता संमत झाली, हे आपल्या आमदाराला विचारण्यासारखे पहिले वाक्य आहे.

वर्षभरात पैसा कमी पडला तर पुरवणी मागण्या आणता येतात. अकस्मात गरजेसाठी ही सोय आहे. परंतु 28 जून 2024 रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प सादर झाला आणि पंधरवड्याच्या आत, त्याच अधिवेशनात, सुमारे 94 हजार 889 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. पंधरा दिवसांपूर्वी ठाऊक नसलेली अशी कोणती गरज मधल्या काळात उद्भवली? घरातील कर्ता माणूस महिन्याचा खर्च लिहून देतो आणि आठ-दहा दिवसांत त्यात आणखी मोठी भर मागतो, तर घरची बाई त्याला विचारल्याशिवाय राहील काय? मग आपणच का गप्प बसावे?

खर्च झाल्यावर तपासणीची जबाबदारी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांवर आहे. घटना समितीत 1949 मध्ये बाबासाहेबांनी या अधिकाऱ्याला घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी मानले होते. त्यांचे अहवाल राज्यपालांकडे जातात आणि विधिमंडळाच्या पटलावर ठेवले जातात. पुढे लोकलेखा समिती सचिवांना बोलावून साक्ष घेते. आपल्याकडे हे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात आणि सभागृह तर उठलेले असते. तरीही त्या अहवालांत मोलाचा मजकूर असतो. मंजूर होऊनही न खर्चलेला पैसा, मार्च महिन्यात घाईने काढलेला पैसा, उपयोगिता प्रमाणपत्र न दिलेली अनुदाने, हे सर्व तेथे छापलेले आहे आणि कोणालाही वाचता येते.

आता आपल्या वाट्याकडे येतो. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजनेचे धोरण 1979-80 च्या सुमारास आले. विकासाच्या एकूण खर्चात अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा बाजूला ठेवावा, तो दुसरीकडे वळवू नये आणि वर्षअखेर तो व्यपगत होऊ देऊ नये, हे त्याचे सार. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण 11.8 टक्के आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याचा वार्षिक कार्यक्रम 2 लाख 54 हजार 560 कोटी रुपयांचा होता आणि त्यात अनुसूचित जाती घटकासाठी 22 हजार 658 कोटी रुपये ठेवले होते. आदल्या वर्षापेक्षा ही वाढ मोठी होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु विद्यार्थ्यांनी वहीत भागाकार करून पाहावा. हे प्रमाण 8.9 टक्के येते. लोकसंख्येच्या प्रमाणात हिशेब केला तर सुमारे 30 हजार कोटी रुपये व्हावयास हवे होते. म्हणजे तरतूद करतानाच सात हजार कोटींहून अधिक रक्कम कमी धरलेली होती. आणि तरतूद म्हणजे खर्च नव्हे, हे वेगळेच.

मे 2025 मध्ये सामाजिक न्याय खात्याचे सुमारे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेसाठी दिले गेले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. या वळवणुकीच्या बाजूने असे म्हटले जाते की, योजनेच्या लाभार्थींमध्ये अनुसूचित जातींच्या भगिनीही आहेत, मग पैसा वळवला कसा म्हणता? आपल्या भगिनींना मिळणाऱ्या पैशाला आपला विरोध नाही, कोणी तसा गैरसमज करून घेऊ नये. मुद्दा एवढाच की, राज्यातील सर्व पात्र भगिनींना जे मिळते ते आमच्या भगिनींना सर्वसाधारण निधीतून मिळाले पाहिजे; कारण त्याही या राज्याच्या नागरिक आहेत. विशेष घटकाचा पैसा मागासलेपणाची दरी बुजवण्यासाठी आहे. सर्वांसाठी बांधलेल्या रस्त्याचा, पुलाचा, योजनेचा वाटा जर आमच्या खात्यावर लिहिला, तर दरी आहे तेथेच राहते आणि कागदावर मात्र खर्च पूर्ण दिसतो.

यावर कायदा हाच उपाय, असे म्हटले जाते. आंध्र प्रदेश व कर्नाटक या राज्यांनी 2013 मध्ये असे कायदे केले. महाराष्ट्रातही तशी मागणी जुनी आहे व ती रास्त आहे. पण कर्नाटकाचा अनुभवही पाहा. तेथील कायद्यातच एक पोटकलम असे होते की सर्वसाधारण योजनांचा खर्च या निधीतून झाल्याचे मानता येई. ओरड झाल्यावर ते पोटकलम 2023 मध्ये काढण्यात आले, परंतु त्याच वर्षी तेथील हमी योजनांसाठी या निधीतील 11 हजार कोटींवर रक्कम धरली गेली. म्हणून कायदा हवाच, पण कायद्याची प्रत्येक ओळ वाचणारे लोकही हवेत. कुलूप घेतले आणि किल्ली चोराच्या हाती दिली, असे होऊ नये.

पैशाप्रमाणेच कायदे व नियम यांवरही नजर हवी. विधिमंडळ बसलेले नसताना राज्यपालांना अध्यादेश काढता येतो. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो आपोआप संपतो. बिहारमध्ये 1967 ते 1981 या काळात 256 अध्यादेश काढून ते पुन्हा पुन्हा जिवंत ठेवले गेले. त्यातील काही तर चौदा वर्षांपर्यंत. विधिमंडळाला बगल देऊन राज्य चालले होते. हा प्रकार उघडकीस कोणी आणला? विरोधी पक्षाने नव्हे, वर्तमानपत्राने नव्हे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अभ्यासक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे चाळून तो शोधला, त्यावर 1983 मध्ये पुस्तक लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 20 डिसेंबर 1986 रोजी न्यायालयाने या प्रथेला घटनाबाह्य ठरवले आणि अभ्यासकाला दहा हजार रुपये देण्याचा आदेश बिहार सरकारला दिला. विद्यार्थी मित्रहो, एका माणसाने ग्रंथालयात बसून कागद वाचले आणि एका राज्य सरकारला घटनेपुढे वाकावे लागले. अभ्यास हे शस्त्र आहे असे आपण भाषणात म्हणतो, त्याचा अर्थ हा आहे.

महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण जनसुरक्षा विधेयकाचे. ते विधेयक संयुक्त समितीकडे गेले तेव्हा जनतेकडून 12 हजारांवर सूचना व हरकती आल्या, काही शब्दांत बदल झाले आणि जुलै 2025 मध्ये ते संमत झाले. त्याच्या बाजूने व विरोधात मते असतील. पण विधेयकावर नागरिकाला लेखी म्हणणे मांडता येते, हे अनेकांना त्या वेळी प्रथमच कळले. आपल्या संस्थेतून असे किती अर्ज गेले, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा.

आता सत्तेच्या केंद्रीकरणाविषयी. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांवर मर्यादित केली. आपल्या 288 सदस्यांच्या विधानसभेत म्हणजे जास्तीत जास्त 43. उरलेले दोनशे पंचेचाळीस सदस्य हे कोणत्याही पक्षाचे असोत, हिशेब विचारण्यासाठीच आहेत. सत्ताधारी पक्षाचा सदस्य म्हणतो, पक्षादेश असतो, आम्ही काय करणार? पक्षादेश मताला बांधतो, प्रश्नाला नव्हे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, समितीतील साक्ष तपासणी यांना तो आडवा येत नाही. दुसरी गोष्ट, आमदाराला आता वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. त्यातून कामे होतात हे खरे. परंतु जो खर्चाचा हिशेब विचारणार, तोच खर्च सुचवणारा झाला, की त्याची जीभ मंत्र्यापुढे जड होते. तिसरी गोष्ट, स्थानिक स्वराज्य संस्था. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक होता. राज्यातील इतर अनेक महापालिका व जिल्हा परिषदांतही तेच घडले. नगरसेवक नाही, सदस्य नाही, सर्व सूत्रे मंत्रालयाकडे. आमच्या समाजकल्याण समितीत प्रश्न विचारायला इतका काळ निवडून आलेले कोणीच नव्हते, याची खंत आपल्याला किती वाटली?

आणि सत्ता एकवटते ती केवळ कायद्याने नव्हे, आपल्या स्वभावानेही. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, धर्मातील भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात त्यांनी बौद्ध संघाचीही आठवण दिली होती. प्रस्ताव कसा मांडावा, गणपूर्ती किती असावी, मतदान कसे घ्यावे याचे नियम भिक्खू संघाला माहीत होते. संघात प्रस्ताव उच्चारून मांडला जाई, विरोध असणाऱ्याने बोलावे असे सांगितले जाई आणि मतभेदाच्या प्रसंगी शलाका वाटून मत घेतले जाई. ही आपली परंपरा आहे. विधानसभेत अनुसूचित जातींसाठी 29 जागा राखीव आहेत. तेथून गेलेला प्रतिनिधी आपला म्हणून त्याला प्रश्न विचारू नये, असा शिष्टाचार आपण पाळत असलो तर तो मोडला पाहिजे. आपल्या माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे. सभागृहात उभे राहताना त्याच्या हाती कागद देणे होय.

मग करावयाचे काय? मी पाच साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, संस्थेने पाच-सहा विद्यार्थ्यांचे एक हिशेब मंडळ स्थापन करावे. अर्थसंकल्प सादर झाल्यावर आठ दिवसांत त्यांनी आपल्या खात्याच्या तरतुदीचा एक पानी तक्ता विहाराच्या फळ्यावर लावावा.

दुसरी, तरतूद आणि प्रत्यक्ष वितरण यांचा मेळ दर तीन महिन्यांनी पाहावा. निधी वितरणाची माहिती शासनाच्या बीम्स या संगणक प्रणालीवर मिळते आणि शासन निर्णय संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. जे तेथे मिळत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम 2005 आहे. दहा रुपये शुल्क, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत अर्ज. प्रश्न नेमका असावा: अमुक जिल्ह्यात अमुक वर्षी स्वाधार योजनेसाठी किती अर्ज पात्र ठरले, किती रक्कम मिळाली, कोणत्या तारखेला वाटली?

तिसरी, त्या उत्तराच्या आधारे आमदारांना अधिवेशनाच्या पुरेसे आधी लेखी प्रश्न द्यावा, कारण तारांकित प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते. निवेदनासोबत फोटो काढून घेण्यापेक्षा पोच घ्यावी.

चौथी, विधिमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समिती जिल्ह्यांत दौऱ्यावर येते. तिच्यापुढे तारखा व रकमांसह म्हणणे मांडावे. नुसत्या घोषणेला अधिकारी उत्तर देऊन मोकळा होतो. तारखेला उत्तर देणे त्याला अवघड जाते.

पाचवी, आणि ही सर्वांत जवळची. आपल्या संस्थेचा जमाखर्च, बुद्धविहाराच्या निधीचा जमाखर्च वार्षिक सभेत वाचला जातो तेव्हा लक्ष द्या. हिशेब वाचून झाल्यावर लगेच टाळ्या वाजवून मंजुरी देऊ नका. एक तरी प्रश्न विचारा. कार्यकारिणीनेही त्याचा राग मानू नये. ज्याला घरचा हिशेब विचारण्याची सवय नाही, तो मंत्रालयाचा हिशेब काय विचारणार?

बंधू-भगिनींनो, आपण कर भरत नाही, आपण लाभार्थी आहोत, असा एक न्यूनगंड आपल्यात रुजवला गेला आहे. साबणाच्या वडीवर, पायातल्या चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर आपण कर भरतो. 1 जुलै 2017 पासून त्याला वस्तू व सेवा कर म्हणतात, आणि त्याचा वाटा राज्याच्या तिजोरीत जातो. हिशेब मागणारा याचक नसतो, तो मालक असतो. पुढच्या अधिवेशनाची तारीख जाहीर होईल तेव्हा ती आपल्या विहाराच्या फळ्यावर धम्मप्रवचनाच्या तारखेशेजारी लिहिलेली असावी, एवढी अपेक्षा व्यक्त करतो. 

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!